बालगृहातील रात्रपाळी आणि कायदा

सुरत शहराच्या दक्षिण भागातील पांडेसरा ही औद्योगिक वसाहत कापडाच्या डाईंग-प्रिंटिंग गिरण्यांसाठी ओळखली जाते, आणि या गिरण्यांवर पोट असलेली वस्ती ओडिशा, उत्तर प्रदेश, बिहार आणि खानदेशातून येथे येऊन राहिलेली आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेमार्गाने उधन्यापर्यंत आलेली मराठी कुटुंबे पांडेसरा, उधना, लिंबायत, डिंडोली या पट्ट्यात इतकी स्थिरावली आहेत, की सुरत महानगरपालिकेची शिक्षण समिती त्यांच्या मुलांसाठी मराठी माध्यमाच्या शाळा चालवते. जेथे आईबाप दोघेही पाळीवर जातात, एका खोलीत दोन कुटुंबे राहतात आणि सांभाळायला आजी-आजोबा गावाकडेच राहिलेले असतात, तेथून मुले बालगृहापर्यंत पोहोचण्याच्या वाटा अनेक असतात. कोणी हरवलेले असते, कोणी घरातून पळालेले, कोणी साड्यांच्या घडीकामावरून सोडवलेले, कोणी अत्याचाराला बळी पडलेले, तर कोणाची आई गेल्यावर बापाला त्याला सांभाळणे जमलेले नसते. या मुलांच्या हक्कांबद्दल बरेच लिहिले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांना रात्रंदिवस सांभाळणाऱ्या गृहमाता, गृहपिता, काळजीवाहक, स्वयंपाकी आणि पहारेकरी यांची कायद्यातील स्थिती काय आहे, याची विचारपूस क्वचितच होते. ती केली तर असे दिसते, की कायदा या कर्मचाऱ्याची दखल घेतो ती बहुतेक वेळा संभाव्य आरोपी म्हणून, आणि कामगार म्हणून त्याच्याकडे पाहण्याची वेळ आली की तो बराचसा गप्प बसतो.

या व्यवस्थेचा मूळ कायदा म्हणजे बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५. तो १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला आणि २०२१ च्या दुरुस्तीने त्यात महत्त्वाचे बदल झाले. सुरतेचा या विषयाशी असलेला संबंध मात्र त्याहून जुना आहे, कारण १९२४ चा मुंबई बालक कायदा ज्या मुंबई इलाख्यासाठी झाला त्यात सुरतही होती आणि १ मे १९६० पर्यंत गुजरात आणि महाराष्ट्र या दोन्ही प्रदेशांचे कायदेमंडळ एकच होते. आजच्या कायद्यात ‘बाल देखभाल संस्था’ या संज्ञेखाली बालगृह, खुले आश्रयगृह, निरीक्षणगृह, विशेष गृह, सुरक्षित स्थान, विशेष दत्तक संस्था आणि योग्य सुविधा म्हणून मान्य झालेली ठिकाणे येतात. जुन्या पिढीच्या तोंडी असलेले ‘रिमांड होम’ म्हणजे यातील निरीक्षणगृह. तेथे कायद्याशी संघर्षात आलेली, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेली मुले ठेवली जातात. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांसाठी बालगृह असते आणि अशा मुलांबाबतचे निर्णय जिल्ह्याची बाल कल्याण समिती घेते. एक अध्यक्ष आणि चार सदस्यांच्या या समितीला तिच्या कामापुरते न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात.

कर्मचाऱ्याची पहिली अडचण त्याच्या हातात मुळीच नसलेल्या गोष्टीतून निर्माण होते, आणि ती म्हणजे संस्थेची नोंदणी. अशा प्रत्येक संस्थेने कलम ४१ नुसार नोंदणी करणे सक्तीचे आहे. न केल्यास कलम ४२ नुसार संस्थेच्या प्रभारींना एक वर्षापर्यंत कारावास किंवा किमान १ लाख रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात आणि विलंबाचे दर ३० दिवस हा स्वतंत्र गुन्हा मानला जातो. ५ मे २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतील अनाथाश्रमांच्या प्रकरणात देशभरातील संस्थांची नोंदणी वर्षअखेरपर्यंत पूर्ण करण्याचा आदेश दिला होता. केंद्र सरकारने केलेल्या देशव्यापी पाहणीच्या २०१८ मधील अहवालात ९,५८९ संस्था आणि त्यांत राहणारी ३ लाख ७० हजारांहून अधिक मुले आढळली. बिगरनोंदणीच्या संस्थेत प्रभारी म्हणून सही करणारी व्यक्ती पुष्कळदा विश्वस्त नसून पगारी अधीक्षिका असते. म्हणून नोकरी स्वीकारण्यापूर्वी नोंदणी प्रमाणपत्राची तारीख पाहणे हा आगाऊपणा नव्हे. प्रमाणपत्राची मुदत पाच वर्षे असते.

यानंतर येतो शिस्तीचा प्रश्न, ज्यात प्रत्यक्ष मुलांमध्ये वावरणारा कर्मचारी सर्वाधिक अडकतो. शिस्त लावण्यासाठी किंवा सुधारण्यासाठी मुलाला हेतुपुरस्सर शारीरिक वेदना देणे, ही कायद्यातील शारीरिक शिक्षेची व्याख्या आहे, आणि कलम ८२ नुसार संस्थेतील कर्मचाऱ्याने अशी शिक्षा केल्यास पहिल्या वेळी १० हजार रुपये दंड, पुढच्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. वरवर पाहता ही शिक्षा सौम्य वाटते. तिचा खरा भार पुढच्या उपकलमात आहे, कारण दोषी ठरलेला कर्मचारी नोकरीतून काढला जाण्यास पात्र ठरतो आणि मुलांशी थेट संबंध येणारे कोणतेही काम पुढे करण्यास त्याला मनाई होते. कलम ७५ आणखी पुढे जाते. मुलाला मारहाण करणे, त्याला टाकून देणे किंवा त्याची जाणूनबुजून हेळसांड करणे यासाठी सर्वसाधारण व्यक्तीला तीन वर्षांपर्यंतची शिक्षा आहे, परंतु तेच कृत्य मुलांची काळजी सोपवलेल्या संस्थेच्या कर्मचाऱ्याने किंवा व्यवस्थापनाने केले तर ती पाच वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि ५ लाख रुपयांपर्यंत दंड अशी वाढते. ज्याच्यावर विश्वास टाकला त्याने तो मोडला तर शिक्षा अधिक असावी, हे तत्त्व बरोबरच आहे.

अडचण आहे ती सीमारेषेवरच्या प्रसंगांची. दोन मुलगे एकमेकांना मारत असताना गृहपित्याने एकाचे मनगट घट्ट धरून त्याला बाजूला ओढले आणि त्यात वळ उठला, तर ती शारीरिक शिक्षा ठरत नाही, कारण हेतू वेदना देण्याचा नसून इजा टाळण्याचा असतो. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या शरीराच्या बचावाचा हक्क भारतीय न्याय संहितेनेही मान्य केलेला आहे. मात्र तो बचाव गरजेपुरताच असावा लागतो, आणि भांडण मिटल्यानंतर मारलेली एक चापट त्या हक्काच्या बाहेर पडते. हेतू काय होता, हे सहा महिन्यांनी चौकशी अधिकाऱ्यासमोर सांगताना उपयोगी पडते ती त्याच रात्री दैनंदिन नोंदवहीत वेळेसह केलेली चार ओळींची नोंद आणि मुलाला डॉक्टरांना दाखवल्याचा कागद. बहुतेक संस्थांत ही नोंदवही अधीक्षकांच्या कपाटात असते आणि रात्रपाळीच्या माणसाकडे किल्ली नसते, ही गोष्ट क्षुल्लक वाटली तरी कायदेशीरदृष्ट्या क्षुल्लक नाही. २०२१ च्या दुरुस्तीने यात आणखी एक विचित्र गुंता केला आहे: तीन वर्षे किंवा अधिक परंतु सात वर्षांपेक्षा जास्त नाही अशा शिक्षेचे या अधिनियमाखालील गुन्हे अदखलपात्र, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावाचून पोलिसांना तपास करता न येणारे झाले, आणि तरीही ते अजामीनपात्रच राहिले. मुलाच्या बाजूने पोलीस आपणहून पाऊल उचलू शकत नाहीत आणि आरोपीला जामीन हक्क म्हणून मिळत नाही, अशा या तरतुदीने नेमके कोणाचे भले साधले, हे समजणे कठीण आहे.

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला पॉक्सो कायदा, संस्थेतील कर्मचाऱ्याला दोन बाजूंनी लागू होतो. बालगृह किंवा निरीक्षणगृहाच्या कर्मचाऱ्याने केलेला शरीरप्रवेशासह लैंगिक अत्याचार कलम ५ नुसार ‘तीव्र’ स्वरूपाचा ठरतो आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान २० वर्षे सश्रम कारावासापासून मृत्युदंडापर्यंत शिक्षा आहे. कलम २९ नुसार न्यायालयाला आरोपीने गुन्हा केला असे गृहीत धरावे लागते आणि तसे नाही हे दाखविण्याचे ओझे आरोपीवर येते. घटनेची पायाभूत तथ्ये आधी सरकारपक्षाने सिद्ध केली पाहिजेत, असे उच्च न्यायालयांनी स्पष्ट केले असले तरी सामान्य फौजदारी खटल्यापेक्षा ही स्थिती निश्चितच वेगळी आहे. सुरतेत ती आणखी प्रकर्षाने जाणवते, कारण २०१८ आणि २०२१ मध्ये पांडेसरा परिसरातील बालिकांवरील अत्याचार आणि हत्येच्या घटनांनी देश हादरल्यानंतर तेथील पॉक्सो खटल्यांना विलक्षण वेग आला. नोव्हेंबर २०२१ मधील एका घटनेचा निकाल त्याच वर्षीच्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात लागला. इतक्या वेगाने चालणाऱ्या खटल्यात कर्मचाऱ्याला कागदपत्रे शोधायला किंवा वकील बदलायला वेळ उरत नाही.

पॉक्सोची दुसरी बाजू अधिक व्यापक आहे आणि तिची माहिती फारच थोड्यांना असते. कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याचे ज्याला ठाऊक आहे किंवा घडण्याची ज्याला भीती वाटते, अशा कोणत्याही व्यक्तीने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळविले पाहिजे. न कळविल्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दंड, अथवा दोन्ही, आणि आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. यातील ‘कोणतीही व्यक्ती’ या शब्दांत भांडी घासणारी मदतनीसही येते. ‘अधीक्षकांच्या कानावर घातले होते’ हे कायद्याच्या दृष्टीने कळविणे नव्हे, कारण कळवायचे आहे ते पोलिसांना, आणि ही जबाबदारी प्रत्येकाची व्यक्तिगत आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील प्रकरण या संदर्भात महाराष्ट्रातील वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. एका शाळेच्या वसतिगृहातील अल्पवयीन आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचे २०१९ साली उघडकीस आले, तेव्हा त्या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरवरही माहिती असूनही पोलिसांना न कळविल्याचा आरोप ठेवण्यात आला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने डॉक्टरपुरता हा गुन्हा रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो आदेश बाजूला सारला आणि माहिती असूनही अत्याचार न कळविणे हा गंभीर गुन्हा असून त्यामुळे कायद्याचा हेतूच निष्फळ होतो, अशी भूमिका घेतली. उपचारापुरता संबंध आलेल्या डॉक्टरला जो नियम लावला गेला, तो रोज मुलींच्या खोलीत झोपणाऱ्या गृहमातेला लागू होणार नाही असे मानायला जागा नाही. बिहारमधील मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातील अत्याचार मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पाहणीमुळे २०१८ साली बाहेर आले, आणि जानेवारी २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने दोषी ठरवलेल्या १९ जणांत त्या गृहातील महिला कर्मचारीही होत्या.

सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, असे पॉक्सोचे कलम १९ स्पष्टपणे सांगते. तथापि त्याची नोकरी टिकेल, याची हमी ते कलम देत नाही. संस्थाचालकाचा नातलग संशयित असेल आणि गृहमाता कंत्राटावर असेल, तर तिने फोन उचलण्याची किंमत काय असते, हे कायदे करणाऱ्यांना ठाऊक नसेल असे म्हणवत नाही. त्यांनी त्याचा विचार केला नाही, एवढेच म्हणता येईल.

पांडेसऱ्यासारख्या ठिकाणी याला भाषेची एक विशेष अडचण जोडली जाते. धुळे-नंदुरबारकडच्या कुटुंबातील सहा वर्षांची मुलगी घरात अहिराणी बोलते, गल्लीत मोडकीतोडकी हिंदी बोलते, आणि सुरतेच्या संस्थेत तिच्याबद्दलची नोंद होते गुजरातीत. मुलाची तक्रार त्याला समजेल अशा सोप्या भाषेत लिहावी आणि गरज पडल्यास दुभाषा द्यावा, अशी पॉक्सोची तरतूद आहे. ती मुलाच्या हिताची आहे हे उघडच आहे, पण ती कर्मचाऱ्याच्याही हिताची आहे, कारण अर्धवट समजलेल्या वाक्यावरून केलेली नोंद पुढे खऱ्या गुन्हेगाराला सोडवू शकते किंवा निरपराध माणसाला गुंतवू शकते. मूल काय म्हणाले ते त्याच्याच शब्दांत, त्याच्याच बोलीत, देवनागरी असो वा गुजराती लिपीत, जसेच्या तसे उतरवावे आणि आपला अर्थ त्यात मिसळू नये. मुलाला पुन्हा पुन्हा प्रश्न विचारून ‘खात्री’ करून घेण्याचा मोहही टाळावा. चौकशी हे पोलिसांचे आणि न्यायालयाचे काम आहे.

मुलाची ये-जा हा आणखी एक नाजूक विषय आहे. पालकांपासून दुरावलेले मूल संस्थेच्या दारात आले तर त्याला आत घेता येते, परंतु प्रवासाचा वेळ वगळता २४ तासांच्या आत त्याला बाल कल्याण समितीपुढे हजर करावे लागते, आणि सापडलेल्या मुलाची माहिती चाइल्ड हेल्पलाइन १०९८, पोलीस, समिती किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांपैकी कोणालाही न देणे हा बाल न्याय अधिनियमाच्या कलम ३३ व ३४ खालील गुन्हा आहे. आत घेण्यापेक्षा बाहेर सोडण्यात धोका अधिक असतो. रविवारी दुपारी गावाकडून आलेला मामा रडत उभा राहतो, मूलही त्याला ओळखून बिलगते, आणि गृहपिता दया येऊन मुलाला त्याच्याबरोबर पाठवतो. परंतु समितीच्या लेखी आदेशावाचून मुलाचा ताबा देण्याचा अधिकार संस्थेतील कोणालाच नसतो, मग मामा खराच मामा असला तरी. मूल परजिल्ह्यातील किंवा परराज्यातील निघाले तर कलम ९५ नुसार त्याला मूळ जिल्ह्याच्या समितीकडे पाठवले जाते आणि मुलीसोबत महिला पोलीस असावी लागते. विशेष बाल पोलीस पथक उपलब्ध नसल्यास ही जबाबदारी संस्थेवर येऊ शकते, आणि मग सुरतेहून नंदुरबारपर्यंतच्या प्रवासात मुलाला काही झाले तर उत्तर द्यायचे असते ते सोबत गेलेल्या काळजीवाहकाला.

छायाचित्रांबाबत थोडक्यात सांगण्यासारखे आहे. चौकशी सुरू असलेल्या मुलाची ओळख पटेल असा तपशील किंवा छायाचित्र कोणत्याही संपर्कमाध्यमातून प्रसिद्ध करण्यास त्याच अधिनियमाचे कलम ७४ मनाई करते आणि त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा २ लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. देणगीदाराने वाढदिवसाला लाडू वाटले आणि कर्मचाऱ्याने ती छायाचित्रे व्हॉट्सअॅपवर टाकली, तर देणगीदार घरी जातो आणि उत्तर कर्मचाऱ्याला द्यावे लागते.

मुलाचा मृत्यू किंवा गंभीर इजा झाल्यास हेळसांडीचा आरोप येतो आणि निष्काळजीपणे मृत्यूस कारण ठरल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. अशा प्रसंगी पहिला प्रश्न हाच असतो, की त्या वेळी कामावर कोण होते. २०१६ च्या केंद्रीय आदर्श नियमांनी १०० मुलांच्या संस्थेसाठी सुचवलेल्या कर्मचारी-रचनेत गृहमाता किंवा गृहपित्यांची संख्या चार आहे. चौघांना तीन पाळ्यांत वाटले आणि साप्ताहिक सुटी धरली, की रात्री शंभर मुलांमागे एकच माणूस उरतो, आणि बालगृहात अपघात, पळून जाणे, मोठ्या मुलांनी लहानांना छळणे हे बहुतांशी रात्रीच घडते. एका माणसाने एकाच वेळी तापाने फणफणलेल्या मुलाजवळ बसावे आणि दुसऱ्या मजल्यावरही लक्ष ठेवावे, अशी अपेक्षा ठेवून नंतर त्यालाच निष्काळजी म्हणणे हा अन्याय आहे. आणि तो संस्थाचालकांच्या नव्हे, कर्मचाऱ्याच्या नावाने नोंदला जातो.

कामगार म्हणून या माणसाचे स्थान त्याहून दुबळे आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने १९७८ साली बंगळूर पाणीपुरवठा प्रकरणात ‘उद्योग’ या संज्ञेचा अर्थ इतका व्यापक केला होता, की अनेक धर्मादाय संस्थाही त्यात येऊ शकत होत्या आणि त्यांच्या कर्मचाऱ्याला बडतर्फीविरुद्ध कामगार न्यायालयाचे दार उघडे होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने मात्र पूर्णतः किंवा मुख्यतः धर्मादाय, सामाजिक वा परोपकारी सेवा करणाऱ्या संघटनांच्या संस्था ‘उद्योगा’च्या व्याख्येतूनच वगळल्या आहेत. त्यामुळे धर्मादाय न्यास चालवत असलेल्या बालगृहातील काळजीवाहकाला नोकरीवरून काढले, तर त्याच्या हाती उरते ते केवळ नियुक्तीपत्र, आणि पुष्कळांकडे तेही नसते. वेतन संहितेतील किमान वेतन त्याला लागू राहते, परंतु त्याला वेतनाऐवजी ‘मानधन’ म्हटले, की ते मागण्याचीही भीड पडते. ‘मानधन’ या आडोशाला सर्वोच्च न्यायालयाने एकदा तडा दिला आहे आणि तोही गुजरातमधल्याच प्रकरणात: दाहोद जिल्ह्याशी संबंधित खटल्यात २५ एप्रिल २०२२ रोजी न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांच्या पीठाने अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क असल्याचे मान्य केले. बालगृहातील कर्मचाऱ्यांनी या निकालाचा आधार घेऊन पाहण्यासारखे आहे.

दरम्यान काही हक्क आजही उपलब्ध आहेत. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार कोणत्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर साहाय्य मिळते, म्हणून चौकशीची नोटीस आलेल्या गृहमातेने पहिला अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावा. पॉक्सो नियम, २०२० नुसार मुले राहत असलेल्या प्रत्येक संस्थेने नियमित व कंत्राटी अशा सर्व कर्मचाऱ्यांची ठराविक काळाने पोलीस पडताळणी केली पाहिजे. ही पडताळणी अपमान म्हणून न घेता तिची प्रत स्वतःजवळ ठेवावी, कारण आरोप झाल्यास तो पहिला उपयोगी कागद ठरतो.

पांडेसऱ्यातील गिरणीमालक, व्यापारी आणि खानदेशी मंडळे बालगृहांना सढळ हाताने देणग्या देतात. त्यांनी पुढच्या भेटीत मुलांसोबत छायाचित्र काढण्याऐवजी अधीक्षकांकडे तीन कागद मागावेत: संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र, रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांची यादी आणि त्यांची नियुक्तीपत्रे. यादीत एकच नाव दिसले, तर पुढची देणगी दुसऱ्या नावाच्या पगारासाठी द्यावी.